सामाईक फाईलला कोणी हात लावला?

साळवे, गेल्या रविवारी कल्याणला तुमच्या जलदानविधीला आम्ही ऑफिसातले सगळे गेलेलो, आणि तिथे तुमच्या फोटोसमोर उभी राहून मी पुन्हा एकदा गप्प बसले. बारा वर्षांत दुसऱ्यांदा. पहिल्यांदा गप्प बसले तेव्हा तुम्ही समोर होतात आणि काहीच झालं नाही अशा चेहऱ्याने मला चहा विचारलात. या वेळी तुम्ही फोटोत होतात, तेही चष्म्याशिवाय. मला तो फोटो मुळीच आवडला नाही. चष्म्याशिवाय तुम्ही दुसरेच कुणीतरी वाटता.

वंदना झाली, भन्तेजी बोलले, तुमचे शेजारी बोलले. मग आपले बापट साहेब उठले. माणूस मनापासून बोलत होता, खोटं नाही सांगत. पण म्हणाले काय, तर "साळवेंच्या हातून एकदा फार मोठी चूक झालेली. कंपनी बंद पडायची पाळी आली. पण हा माणूस सगळ्यांसमोर उभा राहिला आणि म्हणाला, मी. असा प्रामाणिकपणा आता बघायला मिळत नाही." सगळ्यांनी माना हलवल्या. शोभावहिनी खाली बघत होत्या. तुमची सुजाता मात्र साहेबांकडे बघत राहिली, मग फोटोकडे. कॉलेज संपवलेली एवढी मोठी मुलगी, पण तोंड असं झालेलं की कुणीतरी शाळेत उभं करून रागावलंय. बापाबद्दल त्या हॉलमध्ये शेवटी काय उरलं, तर 'फार मोठी चूक'.

त्यानंतर माईक माझ्याकडे आला. मी म्हटलं, "साळवेंनी मला खूप शिकवलं." आणि खाली बसले. एवढंच! एरवी ही बाई तोंडाने फटकळ म्हणून सगळ्या ऑफिसात प्रसिद्ध. त्या दिवशी कुठे गेलेलं ते तोंड, देव जाणे.

म्हणून हे लिहितेय. तुम्हाला नवीन काही सांगत नाहीये, तुम्हाला सगळं माहीतच होतं. पण मी ते तुम्हाला माझ्या तोंडाने कधी सांगितलं नाही.

मी ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या आपल्या त्या ऑफिसात आले तेव्हा तुम्ही तिथे जुने होतात. पहिल्याच दिवशी मी 'साळवे सर' म्हणाले, तर म्हणालात, "सर काढ. नाहीतर तुझा कोड बघणार नाही." मग तुम्ही साळवे झालात आणि मी तुमची 'बाई'. राग आला की नुसतं 'बाई', लाडात आलात की 'वैशालीबाई'. आईला वाटायचं ऑफिसात मला फार मान आहे.

आपलं यंत्र म्हणजे बॅटरीवर चालणारा साधा डबा. डेअरीतल्या थंड खोलीच्या भिंतीवर लावायचा. वीज गेली किंवा आतलं तापमान चढलं की त्याने भोंगा वाजवायचा, संपलं काम. त्या डब्याच्या पोटात दोन प्रोग्रॅम. एक तुमचं कर्नल, आतलं सगळं सांभाळणारं, सेन्सरकडून आकडे आणून कप्प्याकप्प्यात मांडणारं. दुसरं माझं ॲप्लिकेशन, ते आकडे उचलून पडद्यावर दाखवणारं आणि वेळ आली की भोंगा वाजवणारं. आणि कुठल्या कप्प्यात काय ठेवायचं हे दोघांमध्ये ठरलेलं, ते लिहिलेलं असायचं एका हेडर फाईलमध्ये. ती फाईल कर्नलनेही वाचायची, ॲप्लिकेशननेही.

मी कॉलेजात हे सगळं शिकून आलेले, तरी तुम्ही मला पहिल्या दिवशी दिव्याची गोष्ट सांगितलीत. लग्नानंतर तुम्ही दिव्याला राहत होतात. नळाला पाणी कधी येणार याचा कागद सोसायटीच्या पंपाच्या खोलीवर चिकटवलेला असायचा. वहिनी हुशार. रोज चार मजले कोण उतरणार, म्हणून त्यांनी तो कागद वहीवर उतरवून घेतला आणि स्वयंपाकघरात लावला. पुढच्या आठवड्यात वेळ बदलली. खालचा कागद बदलला, वरचा कोण बदलणार? वहिनी जुन्या वेळेला हंडे घेऊन खाली गेल्या, तर पाणी येऊन गेलेलं. सुजाता तान्ही, घरात थेंब नाही.

"तर बाई," तुम्ही म्हणालात, "हेडर फाईल म्हणजे पंपाच्या खोलीवरचा कागद. खाली उतरायचा कितीही कंटाळा आला तरी नक्कल करायची नाही."

मी मान डोलावली. आणि तिसऱ्या महिन्यात नक्कल केली.

का केली ते सांगते. त्या फाईलमध्ये नुसता एक स्वल्पविराम इकडचा तिकडे झाला तरी तिच्यावर अवलंबून असलेला सगळा कोड पहिल्यापासून पुन्हा बांधला जायचा. सगळे एकाच सर्व्हरवर, त्यामुळे सगळ्यांचाच. तेव्हाच्या त्या रडक्या मशीनवर चाळीस मिनिटं. हातातलं काम टाकून पडद्यावर धावणाऱ्या ओळी बघत बसायचं. म्हणून ओळी धावायला लागल्या की हॉलमधून कुणीतरी ओरडायचंच, "कोणी हात लावला?" आणि ज्याने लावला असेल त्याने जागेवर उभं राहून म्हणायचं, "मी." मग त्याने सगळ्यांना चहा सांगायचा. दहातल्या आठ वेळा तुम्हीच उभे. सेन्सर बदलला की तुम्ही हात लावणार, आणि माझं काम बोंबलणार. मला पहिलं काम वेळेत दाखवायचं होतं, डोकं तापलेलं. मी ती फाईल उचलली आणि गुपचूप माझ्या फोल्डरमध्ये तिची एक प्रत ठेवून दिली. आता साळवे तिकडे काय वाट्टेल ते करोत, म्हटलं, माझं काम चालू.

आणि खरंच चाललं. पंधरा दिवस छान चाललं.

मग तुम्ही दाराचा कप्पा टाकलात. कल्याणच्या डेअरीचे पाटील म्हणालेले की पोरं थंड खोलीचं दार उघडं टाकतात, ते पण कळायला पाहिजे. आधी पहिल्या कप्प्यात वीज, दुसऱ्यात तापमान. तुम्ही दार टाकलंत सगळ्यांत पुढे. म्हणजे आता पहिल्यात दार, दुसऱ्यात वीज, तिसऱ्यात तापमान. फाईलमध्ये नीट लिहिलंत, मला येऊन सांगितलंत. मी "हो हो" म्हटलं. ऐकलंच नाही. माझं ॲप्लिकेशन माझ्याच फोल्डरमधला जुना कागद वाचत होतं.

पाटलांकडे डबा लागला. शुक्रवारी दुपारी त्यांच्या भागातली वीज गेली, नेहमीसारखी. दार बंद होतं. माझ्या ॲप्लिकेशनने पहिला कप्पा उघडला, त्यात दार बंद असल्याचा एक होता. त्याने तो वाचला 'वीज चालू'. दुसऱ्या कप्प्यात वीज गेल्याचं शून्य होतं. त्याने ते वाचलं 'तापमान शून्य'. पडद्यावर सगळं झकास, वीज आहे आणि दूध बर्फासारखं गार. भोंगा कशाला वाजतोय! संध्याकाळी पाटलांनी खोली उघडली तेव्हा सगळं दूध नासलेलं.

दुसऱ्या दिवशी ते एक कॅनच घेऊन ठाण्याला आले. हॉलच्या मधोमध ठेवला आणि झाकण काढलं. तो वास आठ दिवस गेला नाही. पाटील ओरडले नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाले, "दूध माझं एकट्याचं नव्हतं हो. चाळीस घरचं दूध असतंय त्यात. मी आता काय सांगू त्यांना?"

बापट साहेब हॉलमध्ये आले आणि त्यांनी विचारलं, "त्या फाईलला कोणी हात लावला?" तेच शब्द. आपले मस्करीचे शब्द. पण कुणी हसलं नाही.

तुम्ही उभे राहिलात. "मी."

मी बसूनच राहिले. नोकरीला तीन महिने झालेले, अजून कायम नव्हते. घरी बाबांनी स्पष्ट सांगितलेलं की ही नोकरी टिकली तर ठीक, नाहीतर चिपळूणचं ते स्थळ आहेच. मी मनात म्हणत होते, आता बोल, आता बोल. साहेब तुम्हाला सगळ्यांसमोर बोलत होते, आणि मी कीबोर्डकडे बघत होते.

साहेब आत गेले. तुम्ही माझ्या टेबलाशी येऊन विचारलंत, "चहा घेणार?"

सोमवारी येऊन बघते तर माझ्या फोल्डरमधली ती प्रत गायब. माझा प्रोग्रॅम मूळ फाईलशी जोडलेला. मी वळून तुमच्याकडे बघितलं. तुम्ही पडद्यावरून नजर न काढता म्हणालात, "पसारा फार झालेला तुझ्या फोल्डरात. झाडून घेतला." बस. बारा वर्षांत त्याबद्दल तुम्ही बोललात ते एवढंच.

आणि शिक्षा झाली तुम्हाला. वयाने, कामाने तुम्ही सगळ्यांत मोठे, आणि साहेबांनी ठरवलं की यापुढे साळवेंनी त्या फाईलमध्ये काहीही बदललं की दुसऱ्या कुणीतरी तपासून खाली आद्याक्षरं टाकायची. आणि दुसरं कुणीतरी म्हणजे कोण? तर मी! ॲप्लिकेशनची बाजू वैशाली बघते ना, मग तिनेच लक्ष ठेवायचं. म्हणजे हद्द झाली. माझ्या चुकीपायी तुमच्यावर पहारा, आणि पहाऱ्याला मीच. मला वाटलं, आता तरी चिडतील. तुम्ही खुर्ची ओढून माझ्या टेबलाशी आलात आणि म्हणालात, "चार वाजता, चहा घेता घेता करू. ज्याने लिहिलं त्याने वाचायचं नाही, दुसऱ्याने मोठ्याने वाचायचं. आपलंच आपल्याला कधी दिसत नाही."

अशी ती पद्धत सुरू झाली. तुम्ही वाचायचात तो आवाज! रेडिओवरच्या बातम्यांसारखा. "कप्पा पहिला, दार. कप्पा दुसरा, वीज." मधेच थांबून, "इथे वैशालीबाईंनी स्पेलिंगची वाट लावलेली आहे. आता हवामान." सहा महिन्यांत साहेब ती शिक्षा विसरूनही गेले. मग तुम्हीच सगळ्यांसाठी तो नियम केलात. मी लिहिलं तरी दोघांची अक्षरं, तुम्ही लिहिलंत तरी दोघांची. नवीन येणाऱ्याला आपण सांगायचो की ही कंपनीची जुनी पद्धत आहे. शिक्षेतून आलीय हे कुणाला माहीतच नाही.

माझ्या बाळंतपणात तर कमालच केलीत. सहा महिने तुम्ही त्या फाईलला हात लावला नाहीत. साहेब म्हणत होते, दुसऱ्या कुणाचीही अक्षरं घ्या आणि मोकळे व्हा. तुम्ही म्हणालात, "थांबा, ती येईल." मी कामावर रुजू झाले त्या दिवशी चार वाजता तुम्ही दोन फुलस्केप भरून साठलेले बदल घेऊन आलात. वर डब्यात वहिनींनी दिलेले डिंकाचे लाडू. माझा नवरा अजून म्हणतो, माहेरची माणसं ठाण्यात बसतात तुझी.

त्या फाईलच्या डोक्यावर तुम्ही एक ओळ लिहून ठेवलेली, मराठीत. बाकी सगळा कोड इंग्रजी आणि ही एकच ओळ मराठी. "या फाईलची दुसरी प्रत कोणीही काढू नये. एकदा दूध नासलं आहे. चूक माझी. साळवे." ती फाईल रोज उघडायची, रोज ती ओळ दिसायची. बारा वर्षं. एकदा धीर करून मी म्हटलं, "ती 'चूक माझी' काढा ना आता तिथून." तुम्ही म्हणालात, "का काढू? खरंय ते."

आणि तिथून आपलं ते कधीच न संपलेलं भांडण सुरू व्हायचं. तुमचं म्हणणं, नवीन कप्पा पुढे टाकला ही माझी चूक. नवीन काहीही असो, ते नेहमी शेवटी टाकायचं, जुन्यातलं काही हलवायचं नाही, पुसायचं नाही. कारण कुठेतरी कुणीतरी जुना कागद घेऊन बसलेलं असतंच, त्याचं पाणी जाता कामा नये. हे बोलताना माझ्याकडे बघायचा नाहीत. मी म्हणायचे, पण जुना कागद घेऊन बसायचंच कशाला माणसाने? तुम्ही म्हणायचात, "माणसं बसतात गं. चार मजले असतात."

मला तेव्हा तुमच्या पाया पडावंसं वाटायचं आणि मी उलट तुमच्याशी भांडायचे. कारण पाया पडले असते तर बोलावं लागलं असतं.

दुसरं भांडण जागेचं. दोघांनी वाचायच्या अशा फाईली हळूहळू बारा झालेल्या, आणि सगळ्या तुमच्या कर्नलच्या फोल्डरमध्ये राहायच्या. मी म्हणायचे, दोघांच्या फाईली तुमच्याच घरात का? त्यांच्या नादाने तुमच्या आतल्या खाजगी गोष्टीही आमच्या लोकांना दिसतात, मग ते त्याच वापरत बसतात, आणि तुम्ही आत काही हलवलंत की बाहेर आमची पडझड. वेगळं तिसरं फोल्डर करा, तुमचं नाही, आमचं नाही. जे दोघांना लागतं तेवढंच तिथे, बाकीचं ज्याचं त्याच्या घरात. तुम्ही म्हणायचात, ज्याला कुणी मालक नाही ते कुणी झाडत नाही. पाच वर्षं आपण हेच दळण दळत होतो. मधे फरझाना तुमच्या हाताखाली आली, कल्याणचीच, कर्नलमध्ये चांगली तयार झाली. ती एकदा म्हणाली, "सर, मॅडम, तुम्ही दोघं टॉस करा ना."

शेवटचा फोनही त्यावरूनच. शनिवार होता. तुम्ही कणकण आहे म्हणून घरी होतात. मी फोन केला आणि बरं आहे का विचारायच्या आधीच फोल्डरवर आले. तुम्ही तुमचं तेच सुरू केलंत. मी म्हटलं, "तुम्हाला ना साळवे, कुणाचं ऐकायचंच नसतं. ठेवते मी." आणि ठेवला. सोमवारी सकाळी फरझानाचा फोन आला की तुम्ही गेलात.

ठेवते मी! बारा वर्षांनंतर माझे शेवटचे शब्द हे. माझी आई म्हणते, रागाच्या शब्दांचं त्यांनी काही मनावर घेतलं नसेल. नसेलच घेतलं, मला माहितीये. म्हणून तर जास्त रडू येतं.

विधीनंतरच्या बुधवारी साहेबांनी मला आणि फरझानाला तुमचं मशीन उघडून अर्धवट कामं बघायला सांगितली. तिथे एक नवीन फोल्डर होतं. नाव 'सामाईक'. तारीख त्याच शनिवारची. माझा फोन ठेवल्यावर तुम्ही ताप अंगात घेऊन घरून मशीनला जोडून बसलेलात आणि मी सांगत होते तसंच फोल्डर करत होतात. दोघांना लागतं तेवढंच उचललेलं, तुमचं आतलं खाजगी सगळं गाळून घेतलेलं. अकरा फाईली. प्रत्येकीखाली तुमची आद्याक्षरं आणि शेजारी माझ्यासाठी सोडलेली मोकळी जागा.

मी तिथेच ढसाढसा रडले. फरझानाने पाणी आणून दिलं आणि दार लोटून घेतलं.

बारावी फाईल मात्र तुम्ही हलवली नव्हतीत. ती, कप्प्यांची. डोक्यावर 'चूक माझी' असलेली. दमलात म्हणून राहिली, का मुद्दाम माझ्यासाठी ठेवलीत? मी बुधवारपासून हाच विचार करतेय. मला नाही माहीत. तुम्ही असतात तरी सांगितलं नसतंत, म्हणाला असतात, पसारा होता, नंतर झाडणार होतो.

काल शनिवारी सुजाता तुमचं सामान न्यायला ऑफिसात आली. चष्म्याची जुनी केस, कप, ती गंजलेली पट्टी, आणि ड्रॉवरमधल्या असंख्य लग्नपत्रिका, ज्यांच्या मागे तुम्ही कप्प्यांची चित्रं काढायचात. ती प्रत्येक पत्रिका उलटी करून बघत होती. मी घड्याळ बघितलं. चार वाजत आलेले.

"सुजाता, जरा थांबशील?" मी म्हटलं. "तुझ्या बाबांची एक फाईल राहिलीय. चार वाजता करायची असते."

तिला तुमच्याच खुर्चीवर बसवलं. फरझाना माझ्या टेबलाशी आली. अकरा फाईली एकेक करून वाचल्या, माझी अक्षरं टाकली. मग बारावी उघडली. ती मी सामाईकमध्ये हलवली. माझंच म्हणणं खरं झालं, साळवे, तिसरं फोल्डर झालं. चिडवायला मात्र कुणी उरलं नाही.

मग मी त्या ओळीपाशी आले. 'चूक माझी' पुसून टाकावं असं हाताला फार वाटत होतं. पण तुमचा नियम. जुन्यातलं पुसायचं नाही, हलवायचं नाही, नवीन असेल ते शेवटी. मी तुमच्या नावाखाली एक ओळ टाकली आणि फरझानाला म्हटलं, "वाच. मोठ्याने."

फरझानाचं मराठी वाचन तुम्हाला माहीतच आहे, अडखळत अडखळत. "या फाईलची दुसरी प्रत कोणीही काढू नये. एकदा दूध नासलं आहे. चूक माझी. साळवे." मग माझी ओळ. "ती दुसरी प्रत..." ती थांबली. "मॅडम, हे पक्कं असंच?"

"असंच. वाच."

"ती दुसरी प्रत मी काढली होती. साळवेंना माहीत होतं. ते उभे राहिले, मी बसून राहिले. वैशाली."

सुजाताकडे बघायची माझी हिंमत नव्हती. फरझानाने हळूच तिची अक्षरं टाकली आणि फाईल साठवली.

आणि अर्थातच, हॉलभर ओळी धावायला लागल्या. आता मशीन नवीन आहेत, आठ मिनिटांचं काम, पण सवय कुठे जाते? तुम्ही गेल्यापासून त्या फाईलला कुणी हात लावलाच नव्हता. टेस्टिंगवाल्यांच्या कोपऱ्यातून आरोळी आली, "अरे, कोणी हात लावला?"

मी उभी राहिले. "मी."

दोघंतिघं हसले, कुणीतरी म्हणालं चहा सांगा. पण मी बसले नाही. बापट साहेब केबिनच्या दारात आले. "काय बदललं वैशाली?"

"बारा वर्षांपूर्वीचं आहे, साहेब. या, बघा." मी सगळ्यांसमोर सांगितलं. प्रत, कप्पे, पाटलांचं दूध, माझ्या फोल्डरातून झाडलेला पसारा, सगळं. साहेबांनी पडद्यावरची ओळ दोनदा वाचली. मग म्हणाले, "आणि मी परवा तिथे काय बोलून आलो!" त्यांनी सुजाताकडे बघून हात जोडले.

मी सुजाताला म्हटलं, "चूक तुझ्या बाबांची नव्हती. मला त्या हॉलमध्येच सांगायला पाहिजे होतं. तेव्हाही नाही सांगितलं मी."

ती उठून माझ्या टेबलाशी आली. रडत होती, पण चेहरा त्या दिवशीचा नव्हता. म्हणाली, "बाबा घरी म्हणायचे, अर्धी माझी चूक आहे. अर्धी कुणाची, विचारलं की म्हणायचे, चार मजले होते." मग तिने मोबाईल काढला, वहिनींना दाखवायला पडद्याचा फोटो घ्यायला. मोबाईल समोर धरला, आणि पहिली ओळ परत वाचली. दुसरी प्रत कोणीही काढू नये.

तिने मोबाईल पर्समध्ये ठेवून दिला. "आईलाच घेऊन येते," म्हणाली. "इथे येऊन वाचू दे तिला."

सोमवारी येतायत दोघी, चार वाजता. तुमचा कप मी सुजाताला नेऊ दिलेला नाही, वहिनींना त्यातच चहा देणार आहे. आणि मोठ्याने वाचणार त्या, कारण मी लिहिलंय, मी वाचायचं नाही. त्यांचं वाचून झालं की मी त्यांच्या पाया पडेन. तुमच्या पडायचं राहिलं, साळवे.